टोकाची राखण



आमच्या आजच्या विषयाचा नायक आपणा सर्वांच्या घरी येऊन गेलेला आहे. केळी दोन दिवस जास्त पिकली, किंवा आंब्याच्या साली टोपलीत तशाच राहिल्या, की बारीक चिलटे कोठून तरी जमतात. त्यांतल्याच एका जातीला शास्त्रज्ञ ड्रोसोफिला म्हणतात; मराठीत फळमाशी हे नाव रूढ झाले आहे. तिळाएवढा हा जीव आपण हाताने हाकलून देतो. पण गेल्या शंभराहून अधिक वर्षांत आनुवंशिकतेचे जेवढे ज्ञान मनुष्यजातीला झाले, त्यातला फार मोठा वाटा या जिवाने दिला आहे. या माशीच्या गुणसूत्रांची टोके कोण राखतो, आणि ही राखण त्याच्याकडे कशी आली, एवढाच इतिहास आज सांगावयाचा आहे.

कामगार संघटनेत उभी हयात घालवलेल्या माणसाने या विषयाला हात का घालावा, असे कोणी विचारील. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ झाले. वाचता वाचता या माशीची हकीकत समोर आली, आणि तिच्यात आम्हांला एक ओळखीचा प्रश्न दिसला. काम बारमाही असते, पण ते करणारा कोण, हे कायमचे ठरलेले असते काय? सभेत, वाटाघाटीत, कोर्टाच्या पायरीवर आम्ही हा प्रश्न पुष्कळदा ऐकला आहे. तोच प्रश्न निसर्गाच्या घरात कसा सुटला, हे पाहण्याची उत्सुकता वाटली.

प्रथम गुणसूत्र म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक पेशीत आनुवंशिकतेचा मजकूर डीएनए नावाच्या लांबच लांब धाग्यावर लिहिलेला असतो. या लिपीत अक्षरे चारच: ए, टी, जी आणि सी. हा धागा प्रथिनांभोवती गुंडाळला जाऊन जे तुकडे होतात ती गुणसूत्रे. जीवाणूंची गुणसूत्रे बहुतेक वर्तुळाकार असतात, आणि वर्तुळाला टोक नसते. पण आपली, गव्हाची, माशीची गुणसूत्रे सरळ दोरासारखी आहेत. दोर म्हटला की टोके आलीच, आणि टोके आली की काळजी आली. पातळाच्या पदराला सुटलेल्या दशांना गाठी मारल्या नाहीत, तर वीण उसवत जाते, हे आपल्या आयाबहिणींना सांगावयास नको.

गुणसूत्रालाही अशी गाठ लागते, हे प्रथम याच फळमाशीत कळून आले. हर्मन मलर हे अमेरिकन शास्त्रज्ञ. क्ष-किरणांनी जनुकांत बदल घडवून आणता येतात, हे त्यांनी १९२७ साली माशीवर प्रयोग करून दाखवले, आणि त्याबद्दल त्यांना १९४६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरणांनी गुणसूत्रे मोडतात आणि मोडलेले तुकडे पुन्हा जुळतात. कधी तुकडा उलटा बसतो, कधी एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटतो. असे शेकडो प्रकार तपासल्यावर मलर यांच्या ध्यानी एक गोष्ट आली. मधले तुकडे कसेही फिरले तरी चालते, पण मूळचे टोक गमावलेले गुणसूत्र पुढच्या पिढीत आढळत नाही. मोडक्या भागाला टोक होता येत नाही. यावरून त्यांनी असे अनुमान काढले की, टोकाला गुणसूत्र मोहोरबंद करणारा काही खास भाग असला पाहिजे. १९३८ साली त्यांनी त्याला टेलोमिअर असे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘टेलॉस’ म्हणजे शेवट आणि ‘मेरॉस’ म्हणजे भाग. मराठीत आपण त्याला अंत्यखंड म्हणू.

त्याच सुमारास अमेरिकेत बार्बरा मॅक्लिंटॉक मक्याच्या गुणसूत्रांचा अभ्यास करीत होत्या. त्यांनी १९३८ ते १९४१ या काळात असे दाखवले की, मोडलेले टोक चिकट होते. दोन मोडकी टोके एकमेकांना चिकटतात, पेशी दुभंगताना दोन्हीकडून ओढ बसते, सांधा पुन्हा तुटतो, आणि तुटलेली टोके पुन्हा चिकटतात. हे चक्र चालू राहिले की पेशीतला मजकूर विस्कटून जातो. निरोगी टोक मात्र कोणाला चिकटत नाही. याच मॅक्लिंटॉकबाईंनी त्यानंतरच्या दशकात मक्यातच दुसरा मोठा शोध लावला. डीएनएचे काही तुकडे आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात, असे त्यांना दिसले. त्या काळी ही गोष्ट पुष्कळांच्या पचनी पडली नाही. त्यांना नोबेल पारितोषिक मिळावयास १९८३ साल उजाडले. टोकांचा शोध आणि फिरत्या तुकड्यांचा शोध, हे एकाच बाईंचे दोन निराळे शोध मानले जात. ते दोन्ही फळमाशीत एकत्र येणार होते, पण त्याला अजून अवकाश होता.

टोक चिकटू नये म्हणून झाकावे लागते, हे एक काम झाले. पुढे दुसरे काम लक्षात आले. पेशी दुभंगण्यापूर्वी डीएनएची नक्कल होते. नक्कल करणारे यंत्र कोऱ्या जागेवरून सुरुवात करू शकत नाही. त्याला आधारासाठी आधी एक लहानसा तुकडा लागतो, आणि तो नंतर काढून टाकला जातो. मधल्या भागात ती पोकळी भरून निघते. अगदी टोकाशी मात्र ती भरायला मागे आधारच उरत नाही. हातमागावर ताण्याचा शेवटचा भाग कधी विणता येत नाही, तो सोडून द्यावा लागतो. तसाच हा प्रकार. प्रत्येक नकलेत टोक थोडे थोडे आखूड होणार. ही अडचण मॉस्कोचे अलेक्सी ओलोव्हनिकोव्ह यांनी १९७१ साली आणि अमेरिकेचे जेम्स वॉटसन यांनी १९७२ साली स्वतंत्रपणे मांडली. भुयारी रेल्वेच्या स्थानकावर गाडी येत असताना आपल्याला हे सुचले, अशी आठवण ओलोव्हनिकोव्ह यांनी पुढे सांगितली आहे. रुळाच्या शेवटाशी थांबलेल्या गाडीखालचा रूळ जसा मोकळा राहत नाही, तसे टोकाशी अडलेल्या यंत्राखालचे डीएनए नकलेवाचून राहते, असा तो विचार.

तेव्हा टोकाची राखण म्हणजे दोन कामे: टोक झाकणे आणि झीज भरून काढणे. हा भेद आपण लक्षात ठेवावा, कारण पुढचे सारे उत्तर त्यावर अवलंबून आहे.

झीज कोण भरून काढतो, याचे उत्तर एका तळ्यातल्या सूक्ष्म जिवाने दिले. टेट्राहायमेना हे त्याचे नाव. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांनी १९७८ साली दाखवले की, त्याच्या गुणसूत्रांच्या टोकाला टी-टी-जी-जी-जी-जी ही सहा अक्षरे पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. १९८४ सालच्या नाताळाच्या दिवशी ब्लॅकबर्न यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर हिला प्रयोगशाळेत ही अक्षरे टोकाला जोडणाऱ्या विकराची पहिली खूण दिसली. टेलोमरेज हे त्याचे नाव. त्याच्याजवळ आरएनएचा एक लहानसा नमुना असतो. तो नमुना वाचून ते डीएनएची तीच तीच अक्षरे टोकाला विणत जाते. माणसात टी-टी-ए-जी-जी-जी अशी सहा अक्षरे असतात, पुष्कळशा कीटकांत टी-टी-ए-जी-जी अशी पाच. वनस्पती, बुरशी, प्राणी, सर्वत्र थोड्याफार फरकाने हीच व्यवस्था आढळू लागली. २००९ साली ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

इतके झाल्यावर कोणासही वाटेल की, कोडे सुटले. पण ज्या माशीने टोकाचे महत्त्व जगाला शिकवले, तिच्याच टोकाशी ही अक्षरे सापडेनात.

ही गोष्ट हळूहळू उलगडली. मलर यांना न सापडलेली मोडक्या टोकांची गुणसूत्रे १९८४ साली जेम्स मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळू लागली. माशीच्या आईत एक विशिष्ट जनुक बिघडलेले असेल, तर अशी गुणसूत्रे टिकतात असे त्यांना आढळले. मग हाराल्ड बीसमान आणि मेसन यांनी १९८८ साली त्या मोडक्या टोकांचे माप पिढ्यान्‌पिढ्या घेतले. टोक दर पिढीला सुमारे ७५ अक्षरांनी आखूड होत होते. आश्चर्य असे की, टोक झिजत असूनही गुणसूत्र तगून होते, दुसऱ्याला चिकटत नव्हते. म्हणजे झाकण्याचे काम नीट चालू होते, फक्त झीज भरली जात नव्हती. त्याच साली मेरी-लू पार्ड्यू यांच्या प्रयोगशाळेत एक वर्तुळाकार गुणसूत्र आपोआप उघडून सरळ झालेले आढळले. त्याच्या दोन्ही नव्या टोकांना डीएनएचा एक ओळखीचा प्रकार येऊन बसला होता. १९९० साली बीसमान, पार्ड्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडक्या टोकांवरही हाच प्रकार येऊन बसल्याचे सिद्ध केले. त्याला हेट-ए असे नाव आहे. १९९३ साली रॉबर्ट लेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दुसरा प्रकार मिळाला, त्याचे नाव टार्ट. २००४ साली स्पेनमधील शास्त्रज्ञांनी तिसरा, टाहरे, वर्णिला. मार्च २००० मध्ये माशीचा जवळजवळ सर्व आनुवंशिक मजकूर प्रसिद्ध झाला, आणि त्यात टेलोमरेजचे जनुक नव्हते. हत्यारच घरात नाही म्हटल्यावर शंकेला जागा उरली नाही.

आता हे हेट-ए आणि टार्ट कोण? ते मॅक्लिंटॉकबाईंच्या फिरत्या तुकड्यांच्या मोठ्या बिरादरीतले. त्यांतल्या ज्या गटात ते मोडतात, त्या गटाची रीत अशी: तुकडा आपली एक प्रत आरएनएमध्ये काढतो, मग उलट नक्कल करणारे एक विकर त्या आरएनएवरून पुन्हा डीएनए तयार करते, आणि ते डीएनए गुणसूत्रात नव्या जागी घुसते. मूळ प्रत जागच्या जागी, शिवाय एक नवी. अशा रीतीने हे तुकडे वाढत जातात. २००१ साली माणसाच्या आनुवंशिक मजकुराचा जो आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात असे फिरते तुकडे आणि त्यांचे अवशेष मिळून सुमारे ४५ टक्के भरले. १९८० साली दोन प्रसिद्ध निबंधांतून या सर्वांना ‘स्वार्थी डीएनए’ ही संज्ञा देण्यात आली. त्यांतल्या एका निबंधाचे लेखक डीएनएची रचना शोधणारे फ्रान्सिस क्रिक आणि त्यांचे सहकारी लेस्ली ऑर्गेल हे होते. तुकडा स्वतःची प्रत काढण्यापलीकडे काही करीत नाही, जिवाचे त्यात हित असेलच असे नाही, असा त्या विचाराचा आशय. परोपजीवी हा शिक्का त्यांच्यावर तेव्हापासून पक्का बसला.

माशीत मात्र हेट-ए कोठेही घुसत नाही. तो गुणसूत्राच्या अगदी टोकाशीच बसतो, एकामागे एक, सगळे एकाच दिशेला तोंड करून. एक पूर्ण तुकडा सुमारे ६,००० अक्षरांचा. दर पिढीला ७५ अक्षरे झिजतात असे धरले, तर एक तुकडा जोडला गेला की ८० पिढ्यांची झीज भरून निघाली. माशीची पिढी उबदार हवेत दहा-बारा दिवसांची. हिशेब केला तर सव्वादोन ते अडीच वर्षांची बेगमी एका फटक्यात होते. टेलोमरेज सहा-सहा अक्षरे रोजंदारीने विणते. हेट-ए आला की ठोक काम करून जातो. गंमत अशी की, हेट-एजवळ स्वतःचे उलट नकलेचे विकर नाही. टार्टजवळ ते आहे. उलट टोकाशी पोचण्यासाठी टार्टच्या प्रथिनाला हेट-एच्या प्रथिनाची सोबत लागते, असे २००२ साली दाखवण्यात आले. एकाजवळ हत्यार, दुसऱ्याजवळ वाटेची माहिती.

येथपर्यंत आजची स्थिती झाली. आता इतिहासाचा खरा प्रश्न: ही अदलाबदल झाली कशी? जुने काम बंद पडून नवे सुरू होईपर्यंतच्या काळात माशीच्या पूर्वजांचा निभाव कसा लागला?

याचा पुरावा जिवंत कीटकांतच शोधावा लागतो. फळमाशी द्विपंखी गणातली. डास, घरमाशी, चिलटे, सर्व याच गणात येतात, आणि हा गण सुमारे पंचवीस कोटी वर्षे जुना आहे. या गणातल्या ज्या जाती तपासल्या गेल्या, त्यांत टी-टी-ए-जी-जी ही कीटकांची जुनी अक्षरे टोकाशी मिळाली नाहीत. पाण्याकाठी थव्याने उडणाऱ्या कायरोनोमस नावाच्या चिलटात टोकाशी काही शे अक्षरांचे लांब तुकडे ओळीने असतात, आणि हिवतापाच्या ॲनोफिलिस डासाच्या टोकाशीही दुसऱ्याच तऱ्हेचे तुकडे आढळले. अशा ठिकाणी एक टोक दुसऱ्या टोकावरून उतारा घेते आणि लांबी भरून काढते, असा पुरावा मिळाला आहे. तेव्हा द्विपंखी गणाच्या आरंभीच्या पूर्वजांतच टेलोमरेज गेले, आणि पुढे निरनिराळ्या शाखांनी निरनिराळी तजवीज केली, असे अनुमान निघते.

टेलोमरेज गेल्यावर तगता येते काय, याचेही प्रयोग झाले आहेत. व्हिकी लुंडब्लाड आणि ब्लॅकबर्न यांनी १९९३ साली यीस्टमधील टेलोमरेजचे काम बंद पाडले. बहुतेक पेशी मेल्या, पण थोड्या तगल्या, आणि त्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उतारा घेऊनच तगल्या. माणसाच्या कर्करोगांपैकी दहा ते पंधरा टक्क्यांत हाच आडमार्ग चालू असतो. म्हणजे हा आडमार्ग आधीपासून पेशीच्या घरात होता. मुख्य रस्ता बंद झाला तेव्हा त्याच्यावर रहदारी सुरू झाली.

दुसरा पुरावा आपल्या ओळखीच्या रेशमाच्या किड्यातला. त्याच्या टोकाशी टी-टी-ए-जी-जी ही जुनी अक्षरे अजून आहेत. पण हारुहिको फुजिवारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, त्या अक्षरांच्या रांगेतच ट्रास आणि सार्ट नावाचे फिरते तुकडे नेमके येऊन बसलेले आहेत, आणि टेलोमरेजचे जनुक असूनही त्याचे काम फार मंद आहे. जुना कामगार हजेरीपटावर आहे, पण हात थकले आहेत, आणि शेजारी नवा उभा आहे. रेशमाचा किडा माशीचा पूर्वज नाही, हे विसरू नये. तरी दोन्ही व्यवस्था एका छपराखाली नांदू शकतात, एवढे त्यावरून सिद्ध होते.

तिसरा पुरावा २००७ सालचा. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या काही पेशींत टोके झाकण्याची व्यवस्था बिघडवली होती. तेथे माणसातला एक फिरता तुकडा सोडला असता तो त्या उघड्या टोकांवरच जाऊन बसू लागला. एरवी या तुकड्याला घुसण्यासाठी डीएनए कापावे लागते. उघडे टोक म्हणजे आयतीच कापलेली जागा.

हे सर्व जुळवून पाहिले की, चित्र उमटते. फिरत्या तुकड्यांना उघड्या टोकाची ओढ मुळातच होती. आडमार्गाने जीव तगत होता, म्हणून घाईने विनाश झाला नाही. आणि माशीत टोक झाकणाऱ्या प्रथिनांना कोणती विशिष्ट अक्षरे लागत नाहीत. टोक कशाचेही असो, ती त्याच्यावर बसतात. मोडकी टोके झिजत असताना चिकटत का नव्हती, याचे कारण हेच. यांपैकी होएपी या प्रथिनाचे काम २००३ साली रोमच्या शास्त्रज्ञांनी दाखवले; ते बिघडले की गुणसूत्रे टोकाला टोक चिकटून आगगाडीच्या डब्यांसारखी रांग लावतात. झाकण अक्षरांपासून सुटे झाले, म्हणून अक्षरे बदलता आली. ज्या तुकड्यांनी मधल्या जनुकांची नासाडी केली, त्यांचे यजमान मेले आणि तुकडेही मेले. जे टोकाशी बसले त्यांनी कोणाचे नुकसान केले नाही, उलट झीज भरली, म्हणून ते आणि त्यांचे यजमान दोघेही उरले. यात कोणाचा संकल्प नव्हता, कोणी करार केला नव्हता. हेट-ए आणि टार्ट दूरच्या ड्रोसोफिला व्हिरिलिस या जातीतही सापडले आहेत, आणि तिची शाखा निदान चार कोटी वर्षांपूर्वी फुटली. तेव्हा ही व्यवस्था आजकालची खास नव्हे.

गिरणीत जो कायम कामगार हजर नसेल त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली कामगार. वर्षानुवर्षे तेच काम करूनही त्याच्या नावापुढचा ‘बदली’ हा शब्द जात नसे. हेट-ए हा गुणसूत्राच्या टोकावरचा असाच बदली कामगार आहे, चार कोटी वर्षांहून अधिक काळ हजर असलेला.

आता कायम मानलेल्या कामगाराचे कूळ पाहू. १९९७ साली टेलोमरेजचा मुख्य भाग हाती लागला, तेव्हा असे दिसले की, तेही उलट नक्कल करणारेच विकर आहे. आरएनए वाचून डीएनए विणायचे, हीच त्याची कला. हीच फिरत्या तुकड्यांचीही. दोघांची घडण इतकी जुळते की, ते एकाच कुळातले ठरतात. टेलोमरेज हे फार प्राचीन काळी कामाला लागलेल्या फिरत्या तुकड्याचे वंशज, की फिरते तुकडे हेच टेलोमरेजमधून सुटलेले उनाड, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला आहे. वादाचा निकाल कोणताही लागो, एक गोष्ट पक्की झाली. घरचा आणि उपरा हा भेद जन्माने ठरत नाही. माशीने परक्याला कामावर घेतले असे आपण म्हणतो, पण तो परका जुन्या नोकराचा भाऊबंदच होता.

येथे कथा संपवली असती तर ती फार गोड झाली असती. पण खऱ्या हकीकतीला आणखी एक पान आहे. टोकाशी बसलेला तुकडा पूर्णपणे माणसाळलेला नाही. माशीची पेशी त्याच्यावर सतत लगाम ठेवते. एचपी-१ नावाचे प्रथिन कमी पडले की तुकडे भराभर जोडले जाऊन टोके लांबच लांब होतात. टोक झाकणारी काही प्रथिने माशीच्या निरनिराळ्या जातींत फार वेगाने बदलत आली आहेत, आणि बदलाचा असा वेग जेथे दोन पक्षांत झुंज चालू असते तेथे दिसतो. २०१९ साली मिया लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेने अनेक जातींची टोके तपासली. प्रत्येक जातीत हे तुकडे नव्याने बदललेले, काही नाहीसे झालेले, काही नवे आलेले असे आढळले. आणि ड्रोसोफिला बायआर्मिपेस या जातीतून तर टोकावरचे हे खास तुकडे साफ गेलेले, त्यांच्या जागी अगदी निराळ्या बिरादरीचे तुकडे बसलेले सापडले. समझोता आहे, पण त्याची मुदत कोणी लिहून दिलेली नाही. तो रोज पाळला जातो तोवरच तो समझोता.

यातून आपण काय घ्यावे? निसर्गाचा दाखला देऊन समाजाला उपदेश करण्याची खोड जुनी आहे. बलवान तो तगतो, म्हणून मजुरीचा दर बाजारावर सोडा, असे हर्बर्ट स्पेन्सर यांच्या नावाने भांडवलदारांनी सांगितले. उलट क्रोपोत्किन यांनी १९०२ साली परस्पर साहाय्यावर ग्रंथ लिहिला, आणि आमच्यासारख्यांनी तो छातीशी धरला. आज आमच्यापुढे मोह उभा आहे की, या माशीला संघटनेची सभासद करून घ्यावे: पाहा, उपरा म्हणून हिणवलेला बदली कामगारच गुणसूत्र तारतो!

हा मोह आम्ही आवरतो, आणि त्याला कारण आहे. ज्या मलर यांनी टेलोमिअरला नाव दिले, ते विचाराने समाजवादी होते. १९३३ साली ते सोव्हिएत रशियात काम करावयास गेले. तेथे लायसेंको नावाच्या माणसाने आनुवंशिकता राजकीय मतानुसार चालते असे ठरवून टाकले होते. मलर यांनी १९३६ साली भर सभेत त्याला विरोध केला आणि १९३७ साली तो देश सोडला. त्यानंतर तेथील अनेक आनुवंशिकीतज्ज्ञांचे हाल झाले; निकोलाय वाव्हिलोव्ह १९४३ साली तुरुंगात मेले. निसर्गाला आपल्या पक्षाचे सभासदत्व देऊ गेले की, बळी माणसांचा जातो. हा धडा कामगारांच्या बाजूच्या माणसाने इतरांपेक्षा अधिक लक्षात ठेवावा, कारण ती चूक आपल्या नावाने झाली.

शिवाय बदली कामगाराला पोट आहे, घर आहे, ‘नाही’ म्हणण्याची जीभ आहे. हेट-एला यातले काही नाही. डीएनएच्या तुकड्याला हक्क नसतात. माणसाला असतात, आणि ते निसर्गातून उगवत नाहीत. ते माणसांनी माणसांजवळ मागून, भांडून, कायद्यात लिहून घ्यावे लागतात. १९७० सालच्या कंत्राटी कामगार कायद्याने काम बारमाही आहे काय, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा मानला. तो प्रश्न त्या कायद्यात कोणा माशीने घातला नाही.

मात्र एक गोष्ट माशी आपल्याला खरोखर शिकवते. ती समाजाबद्दल नाही, विचार करण्याच्या रीतीबद्दल आहे. ‘ही व्यवस्था अनादि आहे, हिच्यावाचून चालणारच नाही’ असे कोणी निसर्गाच्या नावाने सांगू लागला, तर त्याला माशीचे टोक दाखवावे. टेलोमरेजवाचून चालणार नाही असे वाटत होते. एका सबंध गणाचे पंचवीस कोटी वर्षे चालले आहे. ‘हा तुकडा परोपजीवी, त्याचा काय उपयोग’ असे कोणी शिक्का मारून मोकळा झाला, तर शिक्का बाजूला ठेवून तो तुकडा कोठे बसला आहे आणि तेथे काय करतो, हे पाहावे. माशीच्या बाबतीत काही शास्त्रज्ञांनी हे पाहिले, पिढ्यान्‌पिढ्या टोके मोजली, ७५ अक्षरांची झीज टिपली, म्हणून आज आपल्याला हा इतिहास ठाऊक आहे.

उद्या-परवा आंब्यांभोवती चिलटे जमतील. त्यांना जरूर हाकला; फळे झाकून ठेवणे हेही घरातले कामच आहे. पण हाकलताना एवढे ध्यानात असू द्या की, त्या तिळाएवढ्या अंगातील प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाशी एक उपरा आपले काम करीत बसला आहे, आणि त्याच्या हाताखालून कोट्यवधी पिढ्या गेल्या आहेत.